आखाड आणि कुत्र्यांची फळी

आखाड लागला की कोल्हापुरात माणसांच्या आधी कुत्र्यांची पोटं बिघडतात. पुढं श्रावणभर खायचं नाही, म्हणून माणसं महिनाभर मटणावर तुटून पडतात. घरोघरी पातेली चढतात, जावई बोलावले जातात, तालमीतली पोरं वर्गणी काढून बकरं पाडतात. खाटकाच्या ओंडक्यावर सत्तूर पडायचा थांबत नाही. खाऊन उरलेली हाडं, चरबी, तिखटाचा तवंग, सगळं गल्लीतल्या कुत्र्यांपुढं पडतं. काही दिवस ती संस्थानिकांसारखी जगतात. मग एकेक करत गटाराच्या कडेला पाठीची कमान करून ओकायला लागतात.

माझी मटणाची खानावळ आहे. तिच्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांच्या वर एक फळी आहे आणि तिला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तिच्यावर सुकवलेला बेलफळाचा गर असतो, डाळिंबाच्या सालीची पूड असते, मीठ-साखरेच्या पाण्याच्या पुड्या असतात, जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या असतात. खाली टोपलीत लाल भोपळा. आखाडात एका शेगडीवर बिनमिठाची, बिनलसणाची तांदळाची पेज दिवसभर असते. नवं गिऱ्हाईक डोकावून विचारतं, "मालकीणबाई, ह्ये कुणाचं पथ्य?"

"तुमच्यापेक्षा शहाण्याचं," मी सांगते.

ही फळी मला कुणी दान दिलेली नाही. मलकापूरकडून एक बाई बेलफळं घेऊन येते. तिच्याशी माझं दरवर्षी भांडण होतं.

"झाडानं फुकट टाकलं, तू फुकट उचललंस, आन् मला इकत देतीस व्हय?"

"मग तुमीच जावा की उचलायला. वाटंत गवा आडवा आला तर माझं नाव सांगा त्येला."

शेवटी ती हातातली पाटी आपटते, मी माझी पिशवी आपटते, आणि दोघींच्या मनातला भाव मधेच कुठंतरी जुळतो. घासाघीस केल्याशिवाय घेतलेली वस्तू मला माझी वाटत नाही. फुकट मिळालेलं कधी हिसकावून घेतील याचा नेम नसतो, हे मी चांगलं शिकलेय.

कुत्र्याच्या पोटाचं शास्त्र मी अंगावर वार झेलत शिकले. पहिलं औषध उपास. पोटातलं सगळं बाहेर पडू द्यायचं, ओकणं थांबलं की घोटघोट पाणी, मग पेज, मग उकडलेला भोपळा, आणि ढाळ थांबत नसतील तर बेल. रक्त दिसलं तर फळीकडं बघायचंसुद्धा नाही, थेट डॉक्टर. एवढं साधं आहे. पण उपाशी ठेवणं हे औषध आमच्या गावाच्या पचनी पडत नाही. इथं तापलेल्या माणसालाही पांढरा रस्सा पाजतात. कुत्रं ओकलं की कुणी त्याला तूप चाटवतं, कुणी हळद-तेल ओततं. एका आखाडात तालमीतल्या एका जवानानं माझ्या दारातच एका पोट बिघडलेल्या कुत्रीचा जबडा उघडला आणि बाटलीतली देशी तिच्या घशात ओतायला लागला.

"काकू, पोट कसं साफ हुतंय बघा," तो म्हणाला.

माझ्या हातात रश्श्याचा डाव होता. तो मी त्याच्या पाठीत घातला. डाव गरम होता. जवान ओरडत उठला, कुत्री सुटून पळाली, आणि बाकावर बसलेले त्याचे सोबती ताटावरून न उठता हसले.

"वस्तादाला सांगा रं, काकूनं डाव टाकला!"

त्या दिवसापासून माझ्या दारात कुत्र्यांच्या तोंडात हात घालायची कुणाची छाती झाली नाही. हाड टाकायचं असलं तरी आधी माझ्याकडं बघतात.

आता माझ्या दिरावर येते.

गल्लीत माझ्यासमोर आणखी एक खानावळ आहे. ती सासूनं सुरू केली आणि मी वाढवली. मी लग्न होऊन आले तेव्हा दीर शाळेत जात होता. दप्तर भरून मी त्याला पाठवायची, म्हणून अजूनही त्याला एकेरीच बोलावते. सासूच्या मागं मसाल्याचं वाटण माझं, भट्टी माझी, खाटकाशी भांडण माझं. नवरा गल्ल्यावर बसायचा, साधा माणूस होता. तो गेला आणि त्याचा तेरावा उरकला, त्याच संध्याकाळी दिरानं मला हॉलमध्ये बोलावून सांगितलं, "वैनी, आता तुमी आराम करा. लेकीकडं जाऊन ऱ्हावा."

मी म्हटलं, "आराम करायला मी काय मेलेय?"

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराला नवं कुलूप होतं. माझी धाकटी जाऊ कुलपाच्या आत उभी होती आणि खिडकीतून माझ्याकडं बघत होती. तिच्या ओठांतून एक शब्द निघाला नाही. दिराचं मी समजू शकते, तो हावरट आहे. पण जी बाई माझ्या हाताखाली कांदा चिरायला शिकली, तिचं ते गप्प राहणं माझ्या छातीत काट्यासारखं रुतलं आणि अजून आहे.

लेकीकडं मी गेले नाही. समोरच बंद पडलेलं सायकलचं दुकान होतं, ते भाड्यानं घेतलं, पहिल्या दिवशी दगडाच्या चुलीवर पातेलं ठेवलं आणि दारात उभी राहून हाका मारल्या. गिऱ्हाईक आलं, कारण चव माझ्या हाताची होती, पाटीवरच्या नावाची नव्हती.

माझ्याबरोबर त्या घरातून एकच जीव आला, एक तांबडा कुत्रा. जुन्या स्वयंपाकघराच्या मोरीमागं जन्मलेला. पण त्याची एक खोड होती. सकाळी तो दिराच्या उंबऱ्याशी झोपायचा, कारण भट्टीच्या भिंतीची ऊब तिथं लागते. दुपारी जेवणाची वेळ झाली की उठायचा, आळस द्यायचा, रस्ता ओलांडून माझ्याकडं यायचा. रोज. गल्लीत यावरून एक म्हणच पडली होती. बाहेरगावचा माणूस दोन खानावळींच्या मधे घुटमळला की पानपट्टीवाला सांगायचा, "पावणं, त्ये कुत्रं उठू द्या. त्ये जिकडं जाईल तिकडं जेवा."

लोक हसायचे. दीर हसायचा नाही. एकदा भर रस्त्यात त्यानं कुत्र्याच्या बरगडीत लाथ घातली, तेव्हा मी रस्ता ओलांडून गेले आणि त्याच्या दारातलं पाण्याचं पिंप उलथवून दिलं. तो म्हणाला, "कुत्र्याला आवरा वैनी, न्हाईतर मी आवरतो." मी ते नुसतं तोंडचं बोलणं समजले. तिथं मी कमी पडले असं मला वाटत नाही. माणूस एवढ्या थराला जाईल हे त्याच्या आईलाही पटलं नसतं.

आखाडातला तो बुधवार होता. दुपारी खानावळ गच्च भरलेली, बाहेर माणसं ताटकळत उभी, आत आम्ही चौघी घामानं निथळत होतो. कुत्रा रोजच्या वेळेला आला, पण रस्ता त्यानं वाकडातिकडा ओलांडला. मागच्या दारानं आत येऊन मोरीजवळ पडला आणि ओकला. पुन्हा ओकला. पोट आत-बाहेर भात्यासारखं हलत होतं, पाय ताठ होत होते. मी वाकून वास घेतला. लसूण.

लसणाचा वास आला म्हणजे दिराकडचा रस्सा, असं मला वाटलं. दुसरं काही मनात यायचं कारणच नव्हतं. आमच्या स्वयंपाकघरात लसूण भिंतींतून वास मारतो, अंथरुणाला येतो, नोटांना येतो. आखाडात ओकणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला तोच वास असतो. तवंग गिळून आलाय भडवा, असं म्हणत मी त्याला पोत्यावर ओढलं आणि कामाला लागले. पुन्हा बघितलं तेव्हा ओकणं थांबलं होतं, तो गप्प पडला होता, नुसता थरथरत होता. पोट मोकळं झालं, आता पेज. वाटीभर पेज कोमट केली, एका हातानं त्याची हनुवटी उचलली, दुसऱ्या हातानं वाटी तोंडाला लावणार तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं.

जाऊ होती. अनवाणी, पदर सुटलेला. इतक्या वर्षांत तिनं माझा उंबरा शिवला नव्हता. आली ती थेट माझ्या हातावर फटका मारला. वाटी उडून भांड्यांत आदळली, पेज माझ्या तोंडावर उडाली.

मी तिच्या थोबाडीत दिली. इतक्या वर्षांचा हात होता, चांगला जोरात बसला. ती भिंतीवर आपटली, पण हटली नाही.

"मारा अक्का, आनखी मारा. पण त्येच्या तोंडात कायबी घालू नगा. पाणीबी नगा."

"काय खाल्लंय त्यानं?"

"काळी पूड. उंदरं मारायची."

मी सांडलेल्या पेजेपासून पोतं मागं ओढलं.

"आमच्या गावाकडं उसात घालत्यात ती," ती भराभरा बोलत होती. तिचं माहेर गडहिंग्लजकडचं. "आमच्या कुत्र्यानं खाल्लीती. आईनं दूध पाजलं आन् बघता बघता मेलं. पोटात काय गेलं की ती पूड जास्त पेटती. डागदराकडं न्या, अक्का, आत्ता न्या."

"त्यानं घातली?"

"भाकरीला चरबी लावून त्येनी कालवली." मग तिनं आपले हात पदराला पुसले. "द्यायला मला लावली. माझ्या हातचं खातंय म्हनून."

मी दुसरी मारायला हात उचलला होता. तो तसाच राहिला, कारण तेवढ्यात पुढच्या बाजूनं दीर आत शिरला. जेवणाऱ्या माणसांच्या पाठी ढकलत, ताटं हलवत तो सरळ स्वयंपाकघरात आला.

"इथं काय करतीस गं? चल घरला!" त्यानं जावेचा केसांचा बुचडा धरला आणि तिला दाराकडं फरफटलं. ती चुलीच्या कोपऱ्यावर आपटली. भाकऱ्या थापणारी बाई किंचाळली. पुढच्या बाजूला कुणीतरी म्हणालं, "पावणं, जरा सरका, रस्सा सांडंल."

मला बऱ्याच वेळा वाटलं होतं की हा माणूस कधीतरी माझ्या स्वयंपाकघरात एकटा सापडावा. अंथरुणावर पडल्या पडल्या मी त्याला कितीतरी तऱ्हांनी मारलेलं होतं. पण पोत्यावर कुत्र्याचा जबडा आवळत चालला होता. माझ्याकडं एका घावापुरतीच सवड होती. नळीची हाडं फोडायचा लोखंडी बत्ता हाताशी होता. तो मी त्याच्या मनगटावर घातला. कडकन आवाज झाला. बुचडा सुटला, तो गुडघ्यावर बसला, आणि शिवीऐवजी त्याच्या तोंडातून नुसता वारा आला.

"आणखी द्यायची हाय तुला," मी म्हटलं, "पण आता येळ न्हाई."

कुत्र्याला पोत्यासकट उचलायला गेले तर जाऊ आधीच खाली बसली होती. "मी घेतो त्येला, तुमी रिक्षा बघा," ती म्हणाली. ओठ फुटून तिच्या हनुवटीवर रक्त आलं होतं. ते माझ्या थपडेचं की चुलीचं, कुणास ठाऊक.

पहिला रिक्षावाला म्हणाला, "मावशी, गाडी घाण हुईल."

"तुझी गादी मी धुऊन देते, न्हाईतर तुझं तोंड धुते. काय धुऊ?"

त्यानं गाडी सुरू केली.

डॉक्टर तरुण आहेत, शहरातले, माझ्यासारख्या बाईशी बोलताना जरा दबकतात. त्या दिवशी दबकले नाहीत. कुत्र्याच्या तोंडाजवळ मी वाकले तर मला खांद्याला धरून मागं ओढलं. "लांब राहा. खिडक्या उघडा सगळ्या. हा लसणाचा वास रश्श्याचा नाही. ती पूड पोटातल्या आम्लात मिसळली की विषारी वायू सुटतो, त्याचा आहे. तुमच्याही छातीत जाईल. खायला काय घातलंत?"

"काही नाही."

"पाणी?"

"नाही."

"बरं केलंत. खाणं गेलं असतं तर आम्ल वाढलं असतं. मग माझ्याकडं आणायची गरज पडली नसती."

मी जावेकडं बघितलं नाही. तीही माझ्याकडं बघत नव्हती. घशात नळी घालून डॉक्टरांनी सोड्याच्या पाण्यानं पोट धुतलं. कुत्रा टेबलावर उसळत होता. आम्ही दोघी त्याच्यावर ओणवून त्याला दाबून धरत होतो. त्याच्या नखांनी माझा दंड फाटला. मग सलाईन लागलं आणि तो ओल्या फडक्यासारखा पडून राहिला. मी डॉक्टरांना सांगून पोटातून निघालेलं एका बाटलीत भरून घेतलं आणि तिला सील लावून घेतलं.

"उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही," ते म्हणाले.

तासाभरानं दीर आला. हात गळ्यात बांधलेला. बरोबर तालमीचे वस्ताद. गल्लीतली भांडणं पोलिसांच्या आधी त्यांच्याकडं जातात. आवाज चढवल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही, पण त्या दिवशी त्यांनी तो खाली ठेवला.

"बाई, कुत्र्यापायी घर मोडू नगा. चुकलं पोराचं."

"हा पोर?" मी म्हटलं. "ह्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या."

"तुमीबी हात मोडलासा की त्येचा."

"मोडला. त्याची तक्रार त्यानं करावी. मी विषाची करते. बाटली हाय, डॉक्टर हायत, आणि ही," मी जावेकडं बोट केलं, "साक्षीला हाय. हैस न्हवं?"

सगळे तिच्याकडं बघायला लागले. दीर डोळे वटारून बघत होता. माझ्या नवऱ्याच्या मरणानंतर खिडकीत उभी राहिलेली तीच बाई, तसंच तोंड मिटलेलं. मग तिनं फुटलेला ओठ पदरानं टिपला.

"हाय," ती म्हणाली.

दिराचा चेहरा उतरला तो मी डोळे भरून बघितला. सौद्याची वेळ हीच असते. समोरचा उठून जाऊ शकत नाही हे त्यालाही कळलेलं असतं.

"माझा एकच दर हाय," मी म्हटलं. "कुत्रा जगला तर तक्रार न्हाई. मेला तर इथनं थेट चौकी. आणि तोवर त्याला जगवायचं काम ह्याचं. ओक पुसायची ह्यानं, घाण काढायची ह्यानं, सलाईनचा पाय धरून बसायचं ह्यानं. हिच्या अंगाला पुन्हा हात लावला तर कुत्रा जगला तरी मी चौकीत जाणार."

"त्येची खानावळ बंद ऱ्हाईल की. आखाड हाय, बाई. निदान दुपारपुरतं सोडा."

"न्हाई."

"बरं, हात तर मोडलाय त्येचा."

"एक शाबूत हाय."

वस्तादांनी दिराकडं बघितलं. "बस खाली," ते म्हणाले.

तो बसला. डॉक्टरांना त्यानं आपला हात दाखवायचा प्रयत्न केला, पण ते म्हणाले, मी माणसं तपासत नाही. टेबलाच्या कडेला बसून त्यानं कुत्र्याचा पाय धरला. कुत्र्याखालून घाण वाहिली ती पुसली. पुसताना तो तोंडावर हात दाबून बाहेर धावला, पुन्हा आला. मी समोर खुर्ची टाकून बसले होते. मला त्याची कीव आली नाही. हा माणूस आता त्या कुत्र्याच्या श्वासाबरोबर श्वास घेत होता. पोट हललं की हा निवायचा, थांबल्यासारखं वाटलं की ओरडायचा, "डॉक्टर, बघा की, बघा की!" मी त्याच्यावर कितीही घाव घातले असते तरी एवढा घाबरला नसता.

रात्री मी खानावळ आवरायला गेले. सकाळी परत आले तेव्हा जाऊ बाकावर बसूनच झोपली होती आणि दीर तसाच जागा होता. कुत्र्यानं डोळा उघडला. आधी छताकडं बघितलं, मग पायाकडं, मग पाय धरणाऱ्या हाताकडं. वरचा ओठ हळूच उचलला गेला, दात दिसले, आणि छातीतून खोल कुठूनतरी गुरगुर आली.

"जगला," डॉक्टर हसून म्हणाले.

दीर रडायला लागला. खरोखर रडला, बाही तोंडाला लावून. "वैनी, जगला न्हवं. आता जातो मी. भट्टी पेटवायची हाय."

"अजून खाल्लं न्हाई त्यानं," मी म्हटलं.

दुपारी डॉक्टरांनी डब्यातलं चिखलासारखं मऊ खाणं चमचाभर द्यायला परवानगी दिली. दिरानं चमचा पुढं केला. कुत्र्यानं तोंड फिरवलं. त्यानं दुसऱ्या बाजूनं केला, कुत्र्यानं पुन्हा फिरवलं.

"खा की रं. खा की बाबा. तुझ्या पाया पडतो."

"मी देतो," म्हणत जाऊ उठली. मी तिचा हात धरला. "त्याला देऊ दे," मी म्हटलं.

दिरानं चमचा अगदी दातांशी नेला. कुत्र्याचा जबडा खटकन मिटला तो चमचा, खाणं आणि दिराचं बोट, तिन्हींवर. तो बोंबलत मागं कोसळला, बोटातून रक्त फरशीवर गळायला लागलं.

कुत्र्यानं मात्र गिळलं होतं.